फळीवर बसवलेलं लेकरू

आमचं दुकान देवीच्या देवळाकडे उतरणाऱ्या बोळात आहे. बोळ जुना आहे, दोन्ही बाजूंना दुकानं, खाली झिजलेल्या दगडी फरश्या. अप्पा कुंकू, हळद आणि कवड्यांच्या माळा विकतात. समोर बांगड्यांचं दुकान, त्याच्या शेजारी पेढेवाला, पुढे परड्या आणि देवीचे पितळी टाक विकणारे, आणि बोळ संपतो तिथून पायऱ्या सुरू होतात. मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला हा बोळ इतका भरतो की वरून पाहिलं तर जमीन दिसत नाही. यात्रेकरू असतात, कॅमेरे घेऊन फिरणारे परदेशी पाहुणे असतात, आणि सगळ्यांना एकाच वेळी खाली उतरायचं असतं.

मला त्या गर्दीची लहानपणापासून भीती वाटायची. दुकानदाराच्या मुलाने असं सांगू नये, पण खरं आहे. देवळाचा दरवाजा उघडला की वरून, थांबलेल्या गर्दीतून, एक आवाज यायचा, आणि मग माणसं यायची. अप्पा म्हणायचे, "गर्दीत काही पडलं तर वाकायचं नाही. सोन्याचं असलं तरी नाही." मी फळीखाली पाय जवळ घेऊन बसायचो आणि फक्त पाय मोजत राहायचो.

अशा गर्दीत लेकरं हरवायची. दर पौर्णिमेला एखादं तरी. आणि त्यासाठी आमच्या बोळाची एक पद्धत होती, अजूनही आहे. लेकरू ज्या दुकानासमोर रडत उभं दिसेल, त्या दुकानदाराने त्याला उचलून पुढच्या फळीवर बसवायचं. आत न्यायचं नाही, फळीवरच, रस्त्यावरून दिसेल असं. कपाळाला कुंकू लावायचं. हातात खडीसाखर द्यायची. नाव विचारायचं नाही, कारण त्याचा उपयोग नसतो. बांगडीवाले मामा एकदा हसून सांगत होते, "मी विचारलं, तुझ्या आईचं नाव काय? तर म्हणतंय, आई. बापाचं? तर म्हणतंय, घरी हाय."

मग हाक द्यायची. "लेकरू गावलं! लाल फ्रॉक, पायात चाळ! कुंकवाच्या दुकानी!" ती मामांनी उचलायची, मग पेढेवाल्याने, आणि अशी ती दुकानादुकानाने पायऱ्यांपर्यंत जायची. मी पहिल्यांदा हाक दिली तेव्हा माझा आवाज फाटला. मामा म्हणाले, "गावलं म्हणतोस का हरवलं? तूच रडायलास की."

आई धावत आली की शेवटचा नियम. दुकानदाराने लेकरू तिच्या हातात द्यायचं नाही. अप्पा दोन्ही हात पाठीमागे घ्यायचे आणि एक पाऊल मागे सरायचे. लेकरू ज्याच्याकडे झेप घेईल, त्याचं. कुणाला काही विचारायची गरज पडत नसे.

एकदा एका परदेशी जोडप्याची छोटी मुलगी आमच्या फळीवर बसली होती. सोनेरी केस, कपाळावर कुंकू, गालात खडीसाखर. तिचे आईवडील हाकेच्या दिशेने आले, तिला घेतलं आणि हसायला लागले. त्या बाईने स्वतःच्या कपाळालाही कुंकू लावून मागितलं. मग फोटो काढला. त्या फोटोत माझाही अर्धा चेहरा आला असेल. पुढे जे झालं ते कळायला हे सांगणं गरजेचं आहे. ते हसले होते, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

आता मी बर्मिंगहॅमला मास्टर्स करतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. निघालो तेव्हा बोळातली बहुतेक दुकानं तासभर बंद ठेवून लोक एसटी स्टँडवर आले होते. मामांनी गळ्यात हार घातला आणि म्हणाले, "तिकडं जाऊन कुणाच्या भानगडीत पडू नको." सगळे हसले. मीही हसलो. पण विमानात मला तेच वाक्य आठवत राहिलं. इथे येऊन काहीतरी चुकेल, मला परत पाठवतील, आणि मी त्याच स्टँडवर उतरेन तेव्हा लोक काही बोलणार नाहीत, ही भीती माझ्यासोबतच आली.

शनिवारी मी इथल्या एका जुन्या बाजारात काम करतो. छपराखालचा बाजार आहे. एका बाजूला मासे, एका बाजूला फळं, मध्ये कापड. मी ज्या बाईंकडे काम करतो त्या पडद्यांचं कापड विकतात. साठीच्या असतील. त्या सगळ्यांना 'बॅब', म्हणजे बाळा, म्हणतात, मला, गिऱ्हाइकाला, कबुतराला सुद्धा. समोरचा फळवाला दिवसभर ओरडत असतो, "बोल फॉर अ पाउंड!" म्हणजे एका पाउंडला वाडगाभर फळं. पहिल्या दिवशी तो आवाज ऐकला तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी कात्री हातात धरून तसाच उभा राहिलो. बाई म्हणाल्या, "तो काय गाणं म्हणत नाहीये, बॅब. कापड काप."

अप्पांनी फोनवर सांगितलं होतं की कामाच्या जागी कुंकवाचं बोट लाव. म्हणून मी शनिवारी सकाळी कापड कापायच्या टेबलाच्या आतल्या कडेला एक ठिपका लावायचो. बाईंनी एकदा पाहिलं आणि विचारलं, "यामुळे धंदा वाढतो का?" मी म्हणालो, माहीत नाही. त्या म्हणाल्या, "मग दोन लाव." कुंकवाची पुडी आणि आईने दिलेली खडीसाखर त्यांच्याच ड्रॉवरमध्ये असायची, मोजपट्टीच्या शेजारी.

ते ख्रिसमसच्या आधीचे दिवस होते. बाजार भरला होता. बाई चहा आणायला गेल्या होत्या. जाळीदार पडदे लटकवलेले असतात तिथे एक मुलगी उभी दिसली. तीन वर्षांची असेल. पिवळा कोट, एका हातात मोजा, दुसरा हात उघडा. तिचं तोंड उघडं होतं पण आवाज येत नव्हता. असं रडणं मी ओळखतो. लेकरं आधी अशी रडतात, आवाज नंतर येतो.

मी विचार केला असं मला म्हणता येत नाही. मी तिला उचललं आणि टेबलावर बसवलं. मोठी कात्री बाजूला सरकवली. ड्रॉवर उघडला. तिच्या कपाळाला कुंकू लावलं, तिच्या हातात खडीसाखर दिली, आणि ओरडलो. "लिटल गर्ल! यलो कोट! नेट कर्टन्स!"

फळवाल्याने मान वळवली. आधी त्याने माझी नक्कल केली, बाजूचे दोघे हसले. मग त्याला टेबलावरची मुलगी दिसली. त्याने तोंडाशी हात धरले आणि तीच हाक माशांच्या दिशेने दिली, माझ्यापेक्षा दुप्पट मोठ्याने. तिकडून आणखी कोणीतरी दिली. मला क्षणभर फार अभिमान वाटला, हे मला सांगायलाच हवं. हाक पुढे जात होती.

तोवर मुलीने ओल्या हाताने कपाळ पुसलं होतं. डोळ्यांतलं पाणी, नाकातलं पाणी आणि कुंकू, सगळं एक होऊन गालावरून हनुवटीपर्यंत आलं होतं. मी ते पाहिलं आणि मला काहीच वाटलं नाही. आमच्याकडे प्रत्येक लेकराचं असंच होतं.

तिची आई माशांच्या बाजूने आली. रिकामी बाबागाडी ढकलत, माणसांना धक्के देत. ती थांबली. तिने काय पाहिलं ते मला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. आपलं मूल एका टेबलावर बसलंय, चेहरा लाल आहे, शेजारी कात्री आहे, आणि एक अनोळखी माणूस अगदी जवळ उभा आहे.

ती किंचाळली. तो आवाज मला अजून सांगता येत नाही.

मी नियमाप्रमाणे हात काढून घेतले आणि एक पाऊल मागे सरायला गेलो. पण मला सरता आलं नाही. आईच्या किंचाळण्याने मुलगी घाबरली होती. तिने वळून माझा स्वेटर दोन्ही मुठींत धरला आणि तोंड त्यात लपवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी पाहिलं की लेकरू आईकडे झेपावत नाही. तिला हात लागू नये म्हणून मी दोन्ही हात वर केले. हात वर केलेला मी, माझ्या छातीला चिकटलेली ती, आणि माझ्या स्वेटरवर लाल डाग. फळवाल्याने नंतर सांगितलं की मी आधीच अटक झाल्यासारखा दिसत होतो.

आईने तिला ओढून घेतलं. सिक्युरिटीचा एक उंच माणूस आला आणि त्याने माझ्या दंडाला धरलं. जोरात नाही, पण सोडणार नाही इतकं. "माझ्यासोबत चल," तो म्हणाला. मी म्हणालो, "कुंकू आहे ते, कुंकू." माझं सगळं इंग्लिश कुठेतरी गेलं होतं.

बाजाराच्या मागे एक खोली आहे, तिथे त्याने मला बसवलं. काही वेळाने दोन पोलीस आले, एक बाई आणि एक पुरुष. पोलीसबाईने माझं नाव विचारलं, मग इथे काय करतो ते विचारलं. व्हिसा आता फोनमध्येच असतो. तो उघडताना माझ्या नखांत कुंकू होतं. ती माझ्या नखांकडे पाहत होती.

पुरुष पोलिसाने ड्रॉवरमधून दोन्ही पुड्या आणल्या होत्या. एकीत लाल पूड, दुसरीत पांढरे खडे. टेबलावर ठेवल्यावर त्या पुड्या मलाच भयंकर दिसल्या.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"शुगर."

"आणि हे?"

"हळद आणि चुना. माझे वडील करतात. कपाळाला लावतात."

"तिने यातलं काय खाल्लं?"

"फक्त शुगर." मी एक खडा उचलून तोंडात टाकला. कुणी सांगितलं नव्हतं. तो तोंडात विरघळेना. ते दोघं माझ्याकडे पाहत होते आणि मी तो खडा चघळत होतो, आणि मला एसटी स्टँड दिसत होता. हार नसलेला मी. अप्पा दुकानाची फळी लावून घेताना. मामा काही न बोलता बांगड्या पुसताना.

"तू तिला का उचललंस?" पोलीसबाईने विचारलं.

मी सांगायचा प्रयत्न केला. देऊळ, बोळ, पौर्णिमा, फळी. मध्येच मला वाटलं की मी जितकं सांगतोय तितकं ते खोटं वाटतंय. परदेशी मुलीच्या फोटोबद्दल सांगणार होतो, पण कुंकू लावलेल्या आणखी एका मुलीची गोष्ट आत्ता सांगू नये एवढं मला कळलं. ती लिहीत होती. ती काय लिहीत होती ते मला कधीच कळलं नाही.

मग दार उघडून बाई आत आल्या, हातात दोन कागदी कप. त्यांच्या मागे फळवाला.

"त्याला चहा दिला का कोणी?" बाई म्हणाल्या. "पांढरा पडलाय तो. आणि तो काही पांढरा पडणारा मुलगा नाहीये."

सिक्युरिटीवाल्याने त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. फळवाला दारातच उभा राहून पोलीसबाईला म्हणाला, "हे बघा, मी समोर होतो. तो ओरडला. पूर्ण बाजाराला ऐकू गेलं. मासेवाल्याने मला शिवी दिली, त्याचं गिऱ्हाईक दचकलं म्हणून. मूल पळवायचं असेल तर कोण असं ओरडतं?"

पोलीसबाईने पेन खाली ठेवलं. "तू आधी उचललंस आणि मग ओरडलास?"

"लगेच," मी म्हणालो.

ती बाहेर गेली. आई दुसऱ्या खोलीत होती. भिंतीतून मला मुलीचा आवाज येत होता, ती आता रडत नव्हती, कशासाठी तरी हट्ट करत होती. बराच वेळ गेला, किंवा मला तसा वाटला. पोलीसबाई परत आली आणि म्हणाली की मुलीला काही झालेलं नाही, आणि आईला हे पुढे न्यायचं नाही. "पण आम्ही नोंद ठेवतो." मग ती थोडी वाकून बसली. "पुढच्या वेळी हात लावायचा नाही. काही खायला द्यायचं नाही. तिच्याजवळ उभं राहायचं आणि सिक्युरिटीला बोलवायचं."

मी विचारलं, "ओरडू का?"

तिने थोडा विचार केला. "ओरड," ती म्हणाली. "हो. ओरडायला हरकत नाही."

माझा रूममेट नागपूरचा, सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने सगळं ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "अबे, तू उचललंच कशाला तिला? इथं कुत्र्याला हात लावायचा असला तरी मालकाला विचारा लागते." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "बरं, खाऊन घे. भात केला आहे. वकील पाह्यजे असंल तर ऑफिसात विचारतो."

"नोंद म्हणजे काय रे?"

"मले काय माहीत बे. नोंद म्हणजे नोंद."

मी जेवलो नाही. त्यानंतर फोनवर अनोळखी नंबर दिसला की मी फोन पालथा ठेवायचो. युनिव्हर्सिटीचा प्रत्येक ईमेल मी आधी विषय वाचून, मग डोळे मिटून उघडायचो. लायब्ररी बंद राहणार आहे, एवढंच त्यात असायचं. बसमध्ये कुणी लहान मूल घेऊन शेजारी बसलं तर मी उठून वरच्या मजल्यावर जायचो. एका बाळाने माझ्याकडे बघून हात पुढे केला, तर मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्याच्या आईला मी माणूसघाणा वाटलो असेन.

अप्पांना सांगायचं की नाही ते ठरत नव्हतं. शेवटी एका रविवारी सकाळी फोन केला. तिकडे दुपार होती, बोळ त्या वेळी शांत असतो. अप्पांना उजव्या कानाशी फोन धरावा लागतो. डाव्या कानाने त्यांना फार कमी ऐकू येतं. दुकानासमोरून वर्षानुवर्षं संबळ वाजत जातो म्हणून, असं आम्ही घरात म्हणायचो.

मी सगळं सांगितलं. मला वाटलं लाइन गेली.

"अप्पा?"

"आहे. मारलं का तुला कुणी?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही हो. कुणी हात लावला नाही. फक्त दंडाला धरलं."

मग म्हणाले, "माझा कान संबळानं नाही गेला."

ते आपणहून सांगत होते, तुटक तुटक. मी जन्मायच्या आधीची गोष्ट. पौर्णिमेला एक लेकरू गर्दीत चेंगरत होतं. अप्पांनी ते उचललं आणि दुकानात आत नेलं, पोत्यांच्या मागे, जिथे धक्का लागणार नाही. पाणी पाजलं. ते झोपलं. अप्पा बाहेर येऊन हळू आवाजात एकेकाला विचारत राहिले, कुणाचं लेकरू आहे का म्हणून. उगाच गोंधळ नको, असं त्यांना वाटलं. लेकराचे चुलते आले आणि त्यांनी ते आतल्या अंधारात शोधून काढलं.

"मग?"

"मग काय. लोकं होती, मारलं. मामा मध्ये पडले म्हणून वाचलो. त्यांची पण बोटं मोडली होती."

"म्हणून फळीवर?"

"म्हणून फळीवर. दिसलं पाहिजे सगळ्यांना. कुंकू पण त्याच्यासाठीच, लांबून कळावं, हे लेकरू आता सगळ्या बोळाचं आहे. मामांनीच सगळ्यांना बसवून ठरवलं."

"आणि हाक?"

"हाक आईसाठी," अप्पा म्हणाले. "आणि आपल्यासाठी. ओरडणाऱ्याला कुणी चोर म्हणत नाही. परक्या गावात आधी हाक, मग हात, असं तुला सांगायला पाहिजे होतं. तू लहान होतास. तुला भीती घालायची नव्हती मला."

मी खिडकीजवळ उभा होतो. इतकी वर्षं मला वाटत होतं की आमच्या बोळात भिणारा मी एकटाच. त्या फळीमागे हात पाठीशी बांधून उभ्या असलेल्या अप्पांना मी फार शांत माणूस समजत होतो. ते हात थरथरताना कुणाला दिसू नयेत म्हणून तर पाठीशी नव्हते ना, असं मला विचारायचं होतं.

"परत जाणार आहेस का त्या बाजारात?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"जा. नाही गेलास तर लोकांना वाटंल काहीतरी होतं."

मी गेलो. बाईंनी ड्रॉवर उघडून दाखवला. "तुझी लाल पूड पोलिसांनी परत दिली, बॅब. इथेच आहे." मी ठिपका लावला. फळवाला मला पाहून ओरडला, "यलो कोट!" आणि पुढचे काही आठवडे बाजारात कुठलंही लहान मूल दिसलं की तो तेच ओरडायचा. मी हसायचो. हसताना टेबलाची कड घट्ट धरलेली असायची.

मग एका शनिवारी माशांच्या बाजूने खरी हाक आली. "लिटल बॉय! ब्लू हॅट! बाय द क्रॅब्स!" फळवाल्याने ती उचलली, आणि या वेळी नक्कल केली नाही. तो माझ्याकडे वळला. माझ्या मागे पडद्यांची, बटणांची, बुटांची दुकानं होती आणि हाक तिकडे जायची तर माझ्याकडूनच जाणार होती.

नोंद, खोली, पांढरे खडे, सगळं एकदम आठवलं. मूल माझ्यापासून खूप लांब होतं, मला दिसतही नव्हतं, तरी मी आधी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एकमेकांत घट्ट अडकवले. बाई कापड धरून माझ्याकडे बघत होत्या.

मी ओरडलो. आवाज फाटला. पण मागे बटणांच्या दुकानातून कोणीतरी तीच हाक पुढे दिली, मग बुटांच्या, आणि ती दाराच्या दिशेने गेली. त्या मुलाची आई कोणत्या बाजूने आली ते मला दिसलं नाही. मी हात बराच वेळ पाठीमागेच ठेवले होते.